कुंडीला पाणी कोण घालतं?

प्रश्न : ताई, मी एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. सहा महिन्यांपूर्वी ऑफिस नव्याने सजवलं. रिसेप्शनला छतापर्यंत खऱ्या झाडांची हिरवी भिंत, गवतासारखा गालिचा, मीटिंग रूमना झाडांची नावं, वर स्पीकरमधून पक्ष्यांचा आवाज. येणारे पाहुणे फोटो काढतात. माझी खुर्ची मात्र खिडकीपासून पाचव्या रांगेत. खिडक्यांना लागून साहेबांच्या केबिन आणि त्यांचे पडदे दिवसभर बंद. चार वाजले की डोकं जड होतं, अगदी पूर्वीसारखंच. मैत्रीण म्हणते, कंपनीने एवढं केलं आणि तुला त्याचं काहीच नाही. हा सगळा देखावा आहे की माझंच काही चुकतंय?

उत्तर : तुमचं काही चुकत नाही. पक्ष्यांच्या आवाजाचं वाचून हसू आलं आणि मग ओशाळायलाही झालं, कारण अशी एक भिंत मीही उभी करून दिलेली आहे. एका शुक्रवारी तिला पाणी देणारा पंप बंद पडला, सोमवारी पानं वाळून मुरगळलेली. कळलं कुणाला? फक्त झाडूवाल्या मावशींना. बाकीचे सगळे आतल्या हॉलमध्ये बसायचे, त्यांचा त्या भिंतीशी संबंध सकाळी कार्ड पंच करण्यापुरता. पुढे तिथे प्लॅस्टिकची पानं आली आणि मावशींच्या कामात त्यांची धूळ पुसण्याची भर पडली. त्याच ऑफिसात डिस्पॅचच्या खिडकीत कान तुटलेल्या मगमध्ये एक स्नेक प्लांट होतं. तिथल्या चौघांच्या खुर्च्या हळूहळू त्या बाजूला वळल्या होत्या. मी काढलेल्या नकाशात ते झाड नव्हतं.

आता तुमच्या चार वाजण्याबद्दल. या विषयात सारखा सांगितला जाणारा दाखला रॉजर उलरिक या संशोधकाचा आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि १९८४ मध्ये निष्कर्ष मांडले. खोल्या जवळपास सारख्याच. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. हा दाखला देऊन कुंड्या खपवल्या जातात, पण त्यात कुंडी कुठेच नाही. आहे ती खिडकी, आणि पलंगावरून दिसणारं बाहेरचं.

तुमच्यापर्यंत नेमकी तीच पोचत नाही. ऑफिसच्या टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड धरतात. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर हजारो लक्स असतो. आपल्या डोळ्यांत काही पेशी अशा आहेत, की त्या चित्र दाखवण्यापेक्षा दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवायचं काम करतात, आणि त्यांना भरपूर उजेड लागतो. खिडकीची वरची कड जितकी उंच, त्याच्या साधारण दुप्पट-अडीचपट अंतरापर्यंत आत उजेड कामाचा राहतो. पाचवी रांग बहुधा त्यापलीकडे, त्यात मध्ये केबिन. गालिचा कितीही हिरवा घातला तरी हा हिशेब बदलत नाही, आणि हिशेब तुम्हाला मी काय शिकवणार!

तेव्हा भांडू नका, मोजा. फोनवर उजेड मोजणारं ॲप घ्या. आकडा तंतोतंत नसेल, पण तुलनेला चालतो. आठवडाभर दहाला, एकला आणि चारला स्वतःच्या टेबलावर आणि केबिनबाहेरच्या खिडकीशी मोजून लिहून ठेवा. तो कागद घेऊन दोनच गोष्टी मागा. एक, केबिनचे पडदे उघडे राहावेत. ऊन थेट स्क्रीनवर येईल तेवढाच वेळ ओढावेत. दोन, कुठल्या तरी एका खिडकीशी उभ्याने काम करता येईल असं सर्वांसाठीचं टेबल. (केबिन आत आणि लोक खिडकीशी, ही माझी खरी मागणी, पण ती साहेबांची केबिन ठरण्याआधी करायची असते.) तोवर मधूनमधून उठून खिडकीशी जा. २०१५ च्या एका प्रयोगात फुललेल्या हिरव्या गच्चीचं चित्र फक्त ४० सेकंद पाहिलेल्यांचं लक्ष नंतरच्या कामात काँक्रीटची गच्ची पाहिलेल्यांपेक्षा जास्त टिकलं. ४० सेकंदांसाठी रजा टाकावी लागत नाही. डोकं रोजच दुखत असेल तर डोळेही तपासून घ्या.

आणि टेबलावर स्वतःचं काहीतरी ठेवू देतात का, ते विचारा. क्रेग नाइट आणि अलेक्झांडर हॅसलम या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवलं, की झाडं-चित्रं स्वतःच्या मनाने मांडू दिली तेव्हा लोकांचं काम सर्वांत चांगलं झालं. नंतर कुणी येऊन ती मांडणी बदलली, की तो फायदा गेला. तुमच्या भिंतीला हात लावायची परवानगी आहे का हो?

प्रश्न : टेबलावरचं मनी प्लांट दोनदा मेलं. शिवाय झाडं हवा शुद्ध करतात म्हणून आमच्या ऑफिसात खिडक्या उघडत नाहीत. हे बरोबर आहे का?

उत्तर : खिडक्या उघडायला लावा. झाडं हवा शुद्ध करतात यासाठी नासाचा १९८९ चा जो अभ्यास सगळे सांगतात, तो बंद पेटीतला होता. नेहमीच्या इमारतीत जेवढी हवा आपोआप बदलते, तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा हिशेब २०१९ मध्ये मांडला गेला. तुम्ही बसणार कुठे?

मनी प्लांट बहुतेक पाणी जास्त होऊन गेलं असणार. जाता-येता प्रत्येक जण मायेने बाटली रिकामी करतो आणि मुळं कुजतात. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. कुंडीला खाली भोक आहे ना ते बघा. आणि पाणी घालणारा एकच ठरवा. त्याचं नाव कुंडीवर चिकटवा.