दाताच्या इम्प्लांटवरची (जबड्यात बसवलेल्या कृत्रिम मुळावरची) कॅप सिमेंटने चिकटवावी की स्क्रूने बसवावी?

स्क्रूने. आईची खालची दाढ आहे म्हणताय, मग दोन हजार वाचवायला सिमेंटकडे जाऊ नका.

मी डॉक्टर नाही. बावीस वर्षं डेंटल लॅबमध्ये कॅप बनवतोय, म्हणजे काही बिघडलं की खापर ज्याच्यावर फुटतं तो माणूस. सहा-सात वर्षांपूर्वी आमच्याकडून अशीच एक दाढ गेली, सिमेंटवाली. वर्षभराने डॉक्टरांचा फोन. हिरडी सुजलीय, दाबलं की पू येतोय, तुमची मार्जिन (कॅपची खालची कड) उघडी राहिली. म्हटलं, भिंगाखाली बघून पाठवलीय, मॉडेल घेऊन येतो. "मॉडेल राहू दे, तोंडात काय आहे ते मी बघतोय!" तीन महिने बिलं अडकली.

शेवटी कॅप कापून काढली. हिरडीच्या आत, अबटमेंटला (इम्प्लांट आणि कॅप यांच्यामधल्या जोडतुकड्याला) तांदळाच्या कणीएवढं सिमेंट चिकटलेलं. एक्स-रेत काहीच नव्हतं, कारण काही रेझिन सिमेंटं एक्स-रेत नीट उमटत नाहीत. जुनं झिंक फॉस्फेट निदान दिसतं तरी. आणि मार्जिन होती हिरडीखाली तीन मिलिमीटर. तिथलं जास्तीचं सिमेंट कोण आणि कसं काढणार? ते तयार अबटमेंट त्यांनीच पाठवलेलं. कस्टम, म्हणजे पेशंटच्या मापाचं करू, मार्जिन हिरडीलगत ठेवू, असं मी आधीच सांगितलं होतं. बिलं निघाली, पण त्या कॅपचे पैसे कापूनच.

स्क्रूच्या कॅपला वर भोक असतं. त्यात टेफ्लॉन टेप (हो, प्लंबरचीच) आणि वर कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग). ढिली झाली तर उघडायची, आवळायची. फक्त आवळताना टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना) हवा. अबटमेंटच्या स्क्रूला साधारण ३० ते ३५ न्यूटन सेंटिमीटर, नेमका आकडा कंपनीचा, आणि दहा मिनिटांनी पुन्हा एकदा. नुसत्या हाताने पिळून "बसली" म्हणणारे मी पाहिलेत. स्क्रू नवा आहे ना, हेही विचारा. लॅबमध्ये आम्ही तो वीसदा उघडतो-लावतो. तोच तोंडात गेला तर ढिला होणारच.

आता हेही सांगतो, नाहीतर कुणीतरी डॉक्टर खाली कमेंटमध्ये भांडायला येतील. पुढच्या दातात इम्प्लांट तिरकं बसलं असेल तर भोक दर्शनी बाजूला येतं. तिथे २५ अंशांपर्यंत वळवलेलं भोक चालतं, नाहीतर सिमेंटच. मार्जिन वर असेल आणि हात जपून चालत असेल तर सिमेंटवाल्या कॅपही वर्षानुवर्षं टिकतात. माझं भांडण सिमेंटशी नाहीच.

झिर्कोनियाचं (कॅपचं पांढरं, कडक सिरॅमिक) विचारलंत. कॅप खुशाल घ्या, पण इम्प्लांटच्या आत जाणारा भाग टायटॅनियमचाच हवा. झिर्कोनिया कडक, आतलं टायटॅनियम झिजवतो. आणि इम्प्लांटची कंपनी, साइज कागदावर लिहून घ्या. दहा वर्षांनी स्क्रू ढिला होतो आणि कुठला ड्रायव्हर लागेल हे कुणालाच सांगता येत नाही, अशी माणसं लॅबच्या दारात येतात.