पार्थियन राजे इराणचे, मग त्यांच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरं का?

कारण नाणं बाजारात चालायला हवं होतं. आधी तिथे राज्य करणाऱ्या सेल्युसिड या ग्रीक घराण्याकडून जिंकलेल्या मुलखात व्यवहार द्राख्मा या ग्रीक वजनाच्या चांदीच्या नाण्यावरच व्हायचे. पार्थियन राजा पहिला मिथ्रदाता यानं इ.स.पू. 141 मध्ये टायग्रिस नदीकाठचं सेल्युशिया शहर घेतलं, तेव्हा तिथली टांकसाळही हाती आली. म्हणून साधारण 4 ग्रॅमचा द्राख्मा तसाच राहिला आणि नाण्यावर राजा स्वतःला ‘ग्रीकांचा मित्र’ म्हणवू लागला.

पण मागची बाजू नीट बघा. सेल्युसिड नाण्यावर बाण घेतलेला ग्रीक देव अपोलो बसायचा. पार्थियन नाण्यावर त्याच्या जागी इराणी पोशाखातला, हातात धनुष्य धरलेला तिरंदाज बसलाय. ही अदलाबदल मला फार हुशारीची वाटते. पुढे ग्रीक मजकूर बिघडत बिघडत वाचता येईनासा झाला आणि इ.स. पहिल्या शतकात पार्थियन अक्षरं दिसू लागली.