पोहता येत नाही, पण मासे बघायचेत

प्रश्न: डिसेंबरात आम्ही मैत्रिणी कोल्हापूरहून मालवणला स्कुबाला चाललोय, मला पोहता येत नाही आणि विमानात कानपण दुखतात, जमेल का?

उत्तर: जमतंय की ताई, गाईड तुम्हाला धरूनच असतो. पण कान जपा, 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, म्हणून दुखायच्या आधीच, थोडं थोडं खाली जाताना नाक चिमटीत धरून नाकातूनच हळूच फुंकायचं, आणि श्वास कधीच रोखायचा नाही. सर्दी असली तर त्या दिवशी नकोच. प्रवाळाला हात लावू नका, दगड वाटतो पण जिवंत आहे तो, पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडतो तेव्हा पाण्यात कटकट ऐकू येते, काय भारी वाटतं! आणि हो, त्याच दिवशी घाट चढून परत येऊ नका, घाटातली आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंच आहे, दाब कमी झाला की पाण्याखाली टाकीतल्या हवेतून अंगात मुरलेला नायट्रोजन त्रास देऊ शकतो, रात्र मालवणातच काढा.