कार्डिओजेनिक शॉकमध्ये सारखी व्हीटी येत असेल तर पंप लावून ठोके ताळ्यावर येतात का?

तुम्ही लिहिलंय की काकांना मोठा अटॅक आला, बीपी टिकत नाहीये, रात्रीत चारदा व्हीटी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारे धोकादायक जलद ठोके) आली आणि चारदा शॉक द्यावा लागला. आता डॉक्टर पंप लावू म्हणताहेत. मी पर्फ्युजनिस्ट आहे, ही यंत्रं चालवणं हेच माझं काम. निर्णय डॉक्टरांचाच, पण काय चाललंय ते सांगू शकतो.

आधी शब्दाचा घोळ. आयसीयूत 'शॉक' दोन असतात. एक छातीवर देतात तो विजेचा. दुसरा म्हणजे हृदय इतकं थकलंय की मेंदू-किडनीला रक्त पुरत नाही, तो कार्डिओजेनिक. काकांच्या बाबतीत दोन्ही चालू आहेत.

पंप थेट ठोके दुरुस्त करत नाही. ठोके बिघडलेले असताना तो रक्त फिरतं ठेवतो. अडचण अशी असते की बीपी पडलं म्हणून नॉरअ‍ॅड्रेनालिन, अ‍ॅड्रेनालिन वाढवायचं, तर तीच औषधं हृदयाला चिथावतात आणि व्हीटी येते. व्हीटी शांत करायला बीटा ब्लॉकर (हृदयाचा वेग आणि जोर कमी करणारं औषध) द्यावा, तर बीपी आणखी खाली. इकडे आड, तिकडे विहीर. पंपाने भार उचलला की बीपीच्या औषधांच्या ड्रिप कमी करता येतात, डाव्या कप्प्यावरचा ताण उतरतो, आणि मग कधीकधी ठोकेही शांत होतात. तेवढ्या वेळात बंद रक्तवाहिनी उघडायची, पोटॅशियम-मॅग्नेशियम जागेवर आणायचं, गरज पडली तर अ‍ॅब्लेशन (बिघडलेले ठोके जिथून उठतात ती जागा नळी घालून जाळणं) करायचं.

कोणता पंप, यावर बरंच अवलंबून आहे. बलून सगळ्यात जुना आणि स्वस्त. महाधमनीत हेलियमने फुगतो, मिटतो. पण कधी फुगायचं हे तो ईसीजी किंवा प्रेशरच्या लाटेवरून ठरवतो; ठोक्यांचाच गोंधळ असेल तर त्याचाही ताल चुकतो. शिवाय त्याची मदत तुटपुंजी. 2012 साली जर्मनीत अटॅकनंतरच्या शॉकच्या 600 रुग्णांवर झालेल्या चाचणीत बलूनने मृत्यू कमी झाले नाहीत.

इम्पेला ही मांडीतून थेट डाव्या कप्प्यात सरकवलेली बारीक मोटर. सीपी मॉडेल मिनिटाला साडेतीन लिटरच्या आसपास ओढतं, तालाची वाट बघत नाही. मात्र उजवी बाजू जेवढं पाठवेल तेवढंच तिला मिळतं. व्हीएफमध्ये, म्हणजे हृदय आकसायचं सोडून नुसतं थरथरतं तेव्हा, उजवी बाजूही थांबते, मग ओढायला रक्त नाही म्हणून यंत्र सक्शनचा अलार्म ठोकत बसतं. आणखी एक गंमत : तिचं टोक कप्प्याच्या भिंतीला टोचलं तर तेही ठोके बिघडवू शकतं. त्यामुळे इम्पेलावर व्हीटी आली की इको मागवून टोक कुठे आहे ते बघायचं, लागलं तर थोडं मागे घ्यायचं.

एक्मोला ताल लागत नाही की उजवी बाजू. शिरेतून रक्त काढून, ऑक्सिजन घालून धमनीत ढकलतो. एक पेशंट मला आठवतो. मॉनिटरवर व्हीएफची वेडीवाकडी रेघ, धमनीच्या प्रेशरची रेघ जवळपास सपाट, आणि सरासरी बीपीचा आकडा 65. मुलाने मनगट धरून पाहिलं, नाडी लागेना, तो घाबरला. तेवढ्यात वडिलांनी डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं. पण एक्मोचं रक्त उलट्या दिशेने येतं, डावा कप्पा फुगतो आणि ठोके आणखी बिघडू शकतात. म्हणून कधी सोबत इम्पेला किंवा बलून घालावा लागतो.

फायदा किती? 2024 च्या डॅनजर शॉक चाचणीत अटॅकनंतरच्या शॉकमध्ये इम्पेला लावलेल्यांपैकी सहा महिन्यांत 45.8 टक्के दगावले, न लावलेल्यांपैकी 58.5 टक्के. फरक मोठा आहे, पण हृदय बंद पडून (कार्डियाक अरेस्ट) कोमात गेलेले त्यात नव्हते. आणि इम्पेलावाल्यांत रक्तस्राव, डायलिसिस, पायाचा रक्तपुरवठा तुटणं जास्त होतं.

डॉक्टरांना 'पंप लावायचा का' एवढंच विचारू नका. पंपाच्या दिवसांत काय करणार, आणि हृदय सावरलं नाही तर पुढे काय, हे विचारा. खर्च लाखांत जातो, तोही आधीच स्पष्ट विचारा, त्यात लाजायचं काही नाही.

आणि भेटायला आत सोडलं की नळी घातलेल्या बाजूच्या पायाला हात लावून बघा. दुसऱ्या पायापेक्षा गार किंवा निळसर वाटला तर लगेच सिस्टरना सांगा. आम्ही तासातासाला बघतोच, तरी आमच्या आधी घरच्यांच्या लक्षात आलंय असं मी दोनदा पाहिलंय.