तार सप्तकातला ईकार

प्रश्न : मी काही वर्षे ख्यालगायन शिकते आहे. काळी पाचमध्ये (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून) गाताना माझा आकार, म्हणजे ‘आ’ उच्चारून लावलेला सूर, तार पंचमापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ‘प’पर्यंत) मोकळा लागतो, परंतु तोच स्वर ईकारात घेतला की आवाज चिमटतो आणि गळा आवळतो. ‘ई थोडी ए-कडे झुकव’ असे गुरुजी सांगतात. त्याने शब्दोच्चार अशुद्ध होणार नाही का?

उत्तर : गुरुजींचे म्हणणे योग्य आहे आणि तुमची शंकाही रास्त आहे. व्याकरणातला स्वर आणि संगीतातला स्वर यांना आपण एकच शब्द वापरतो. इथे मात्र ते दोघे एकमेकांशी भांडतात.

‘ई’ म्हणताना जीभ पुढे उचललेली आणि जबडा जवळजवळ मिटलेला असतो, त्यामुळे मुखपोकळीचा पहिला अनुनाद (ज्या कंपनसंख्येला ती पोकळी आपोआप घुमते ती) स्त्रियांच्या बाबतीत साधारण 300 हर्ट्झवर राहतो. ‘आ’साठी जबडा उघडला की तो 850 च्या आसपास जातो. काळी पाचचा मध्य षड्ज (मधल्या सप्तकातला ‘सा’) 233 हर्ट्झचा, तार षड्ज 466 चा आणि तार पंचम जवळपास 700 चा. म्हणजे तार षड्जावरच तुमचा स्वर ‘ई’चा अनुनाद ओलांडून वर गेलेला असतो, मुखाची साथ सुटते आणि ती उणीव आपण नकळत गळा दाबून भरून काढू पाहतो. आकाराला तार पंचमावरही ती साथ मिळत राहते. जबडा खाली सोडला की अनुनाद वर सरकून स्वराला येऊन मिळतो. ऑपेरातील सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच आवाजाच्या, गायिका हेच करतात, हे स्वीडनचे ध्वनिसंशोधक योहान सुंडबर्ग यांनी 1970 च्या दशकात दाखवून दिले.

राहिला उच्चाराचा प्रश्न. तार पंचमावर उपस्वर (मूळ स्वर आणि त्याच्या पटीत उमटणारे सूर) 700, 1400, 2100 असे इतके विरळ पडतात की निव्वळ ‘ई’ तिथे श्रोत्याच्या कानापर्यंत पोहोचतच नाही. जपायला गेलात तरी हाती चिमटलेला आवाजच उरतो. शब्द कळतो तो मुख्यतः व्यंजनामुळे आणि मागच्यापुढच्या अक्षरांमुळे. ‘सजनी’तला ‘नी’ वर न्यायचा असेल, तर ‘न’ नेमका लावावा, क्षणभर ‘ई’ दाखवावी आणि मग जिभेचा मधला भाग ‘ई’च्याच जागी उंच ठेवून फक्त जबडा सैल सोडावा. ओठ फाकवून हसरे तोंड करू नये. माझ्या मते अर्धा चिमटा तिथूनच येतो. ‘ऊ’ याच रीतीने ‘ओ’कडे न्यावा.

रियाजात हनुवटीवर बोट ठेवून ईकारात मध्य पंचमापासून एकेक स्वर वर चढा. मध्य सप्तकात जबड्यात फारसा बदल नको; तार षड्जापासून तो थोडा थोडा उतरत गेलेला बोटाला जाणवला पाहिजे. मग ‘सजनी’ ध्वनिमुद्रित करून ऐका. तार षड्जावरच ‘सजने’ ऐकू आले, तर जबडा फार लवकर सोडला असे समजून पुन्हा खालून सुरुवात करा.