किती मूर्ती?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा लांबलचक मेसेज परवा सकाळी वाचला. पाठवल्याची वेळ होती रात्री दोन वाजून दहा मिनिटं, म्हणजे झोप अजून येत नाही तुला. वडिलांना जाऊन चौदा महिने झाले. दवाखाना, विम्याचे कागद, धाकटीची फी, आईची पेन्शन, सगळं एकटीनं निस्तरलंस. 'बाई, मी कुणालाही त्रास दिला नाही' हे वाक्य त्यात दोनदा आलंय. आणि शेवटी विचारलंस, नोकरी सोडून नर्मदा परिक्रमेला जाऊ का? मला बरं व्हायचंय, मी कोण आहे ते शोधायचंय.

त्या दोनदा आलेल्या वाक्याबद्दल मला बोलायचंय. पण आधी दोन गोष्टी सरळ सांगते. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू आहेत ना, त्या चालूच ठेव. तीर्थाला गेलं की औषध सुटतं असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नकोस. मी रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेत सगळी परिक्रमा चालले, त्यानं माझ्या श्रद्धेत काही उणं आलं नाही. आणि राजीनामा इतक्यात देऊ नकोस. घरातून पळून काढलेली परिक्रमा मी वाटेत पाहिली आहे. माणूस चालत असतो, पण रोज संध्याकाळी मोबाइलला रेंज कुठे मिळते तेवढंच शोधत असतो.

आता परिक्रमेबद्दल. अमरकंटकपासून भरूचच्या पुढं समुद्राला मिळेपर्यंत नर्मदा १३१२ किलोमीटर वाहते. तिला कायम उजव्या हाताला ठेवून तिच्याभोवती पूर्ण फेरी घालायची. वाटेतल्या उपनद्या ओलांडता येतात, पण मैय्याचं पात्र कुठंही ओलांडायचं नाही. रीतसर परिक्रमा ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवसांची, आणि चातुर्मासात एका जागी मुक्काम. हल्ली बहुतेक जण कार्तिकी एकादशीनंतर परिक्रमा उचलतात आणि पाच-सहा महिन्यांत पूर्ण करतात. मीही तशीच केली. सोबत कुपीत मैय्याचं जल, हातात दंड, पाठीवर जेमतेम सामान.

ओंकारेश्वरहून निघणाऱ्यांसाठी एक नियम आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. ज्योतिर्लिंगाचं मंदिर नदीतल्या मांधाता बेटावर आहे. आपण संकल्प सोडतो दक्षिण काठावर. समोर मंदिराचं शिखर दिसतं, घंटा ऐकू येते, पूल दोन पावलांवर. पण जायचं नाही, कारण पूल म्हणजे नदी ओलांडणं. पुरी फेरी घालून परत आलं की मगच कुपीतलं जल घेऊन त्या देवाच्या पायाशी जायचं. पहिल्या दिवशी मी त्या शिखराकडं बघून हात जोडले आणि पाठ फिरवली, तेव्हा पोटात खड्डा पडला होता.

परंपरा सांगते की याच ओंकारेश्वरी लहानगा शंकर केरळातून चालत आला आणि गोविंद भगवत्पादांनी त्याला विचारलं, तू कोण? त्यानं उत्तर दिलं ते आपण काय नाही याचं. मी शरीर नाही, मन नाही, अशी वजाबाकी करत. तू जो प्रश्न घेऊन निघालीस तो तिथलाच आहे, एवढ्यासाठी सांगितलं. पण शंकराचार्यांचं उत्तर आपल्याला तोंडपाठ असून भागत नाही. माझं उत्तर मला एका ताटापुढं मिळालं, ते सांगते.

आधी थोडं मागचं. २०१३ साली माझे यजमान, म्हणजे सर, आजारी पडले. (तुम्ही मुलं त्यांना सर म्हणायचात, मीही आता तसंच म्हणते.) अडीच महिने दवाखाना. त्या काळात माझा धाकटा भाऊ गावाहून आला, दोन दिवस राहिला, आणि जाताना उशीखाली पाकीट ठेवून गेला. भुईमूग विकून आलेले पैसे होते ते. मला रात्री चादर झटकताना सापडलं. मी काय केलं असेल? त्याच्या गावी जाणाऱ्या माणसाच्या हाती ते परत पाठवलं, वर चिठ्ठी लिहिली, 'आमचं आम्ही बघू.' मला त्याचा अभिमान होता बघ. पस्तीस वर्षं नोकरी केली, कुणाचं पाच पैशांचं घेतलं नाही, हे मी लोकांना सांगायची. सर गेले तेव्हा भाऊ आला, दारात उभा राहिला, दिवस झाल्यावर गेला. मग त्याचे फोन कमी झाले. मग थांबले. मी मनात म्हणाले, माणसं अशीच असतात.

अशी मी नोव्हेंबर २०१६ मध्ये ओंकारेश्वरला पोचले. कमरेच्या बटव्यात पाचशेच्या वीस नोटा शिवून घेतल्या होत्या. कुणापुढं हात पसरायला लागू नये हा एकच हेतू. आणि ८ नोव्हेंबरच्या रात्री धर्मशाळेत बातमी आली की पाचशे-हजारच्या नोटा बंद. पोचवायला आलेल्या भाच्याकडं सगळ्या नोटा दिल्या. माझ्याजवळ शंभराच्या तीन उरल्या. बँकेपुढं रांगेत दिवस घालवण्यापेक्षा ठरल्या तिथीला निघायचं, असं सोबत्यांचं मत पडलं.

पहिल्या मुक्कामी आश्रमाच्या फाटकाशी आम्ही उभे. आतून आवाज आला, "नर्मदे हर! किती मूर्ती?" परिक्रमावासींना तिथं माणूस म्हणून मोजत नाहीत, मूर्ती म्हणून मोजतात. दोन मूर्ती, पाच मूर्ती. आसन कुठं लावायचं ते दाखवतात, भोजनप्रसादी देतात, स्वतः शिजवणार असाल तर सदाव्रत, म्हणजे पीठ-डाळ-मीठ हातात देतात. सकाळी निघण्याआधी बालभोग, म्हणजे न्याहारी. तुझं नाव, गाव, तू निवृत्त मुख्याध्यापिका की आणखी कोण, कुणी विचारत नाही. सोबत्यांनी "चार मूर्ती" असं सांगितलं आणि मी मान खाली घातली. माझ्या तोंडून ते शब्द निघायला पुढं अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत मी प्रत्येक आश्रमात जेवण झालं की भांडी घासायला बसायची. सगळे म्हणायचे, माताजी किती सेवाभावी. सेवा नव्हती ती. हिशोब चुकता करत होते मी.

बडवानीच्या पुढं शूलपाणीची झाडी लागते. सातपुड्याच्या रांगा, पायवाटा, खाली दरीत मैय्या, आणि भिल्ल-पावरांचे विखुरलेले पाडे. इथं काही अंतर नर्मदा महाराष्ट्राची सीमा होऊन वाहते, आपला नंदुरबार जिल्हा. पूर्वी या झाडीत परिक्रमावासींना लुटायचे, अंगावरचं वस्त्रसुद्धा काढून घ्यायचे, आणि मैय्या आपली आसक्ती सोडवते असं मानून लोक पुढं जायचे. आता त्याच पाड्यांवर हाक मारून जेवू घालतात.

एका संध्याकाळी आम्ही दोघीच मागं राहिलो, मी आणि विदर्भातल्या एक आजी. अंधार पडत आला होता. टेकाडावर एकच घर, कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेल्या. बाई तिशीची असेल, कडेवर पोर. काही न विचारता तिनं पाणी दिलं, चूल पेटवली. मक्याच्या पिठाची भाकरी थापायला लागली तेव्हा मी डब्यात डोकावले, वाईट सवय माझी. पीठ तळाला गेलेलं. तीन भाकऱ्या झाल्या. दोन आमच्या ताटात, वर तुरीची पातळ डाळ आणि दगडावर वाटलेली लाल मिरची. एक तव्याशेजारी ठेवली, ती आणि पोर आणि बाहेर गेलेला नवरा, तिघांत मिळून एक.

मी ताट सरकवलं. म्हटलं, मला भूक नाही, तुम्ही खा. दिवसभरात वीस किलोमीटर चालले होते, भुकेनं डोळ्यांपुढं अंधारी येत होती. पण मला वाटत होतं मी मोठं चांगलं काम करते आहे.

ती बाई काही बोलली नाही. ताट परत माझ्यापुढं केलं आणि समोर उकिडवी बसली. मी परत सरकवलं. मग तिचा चेहरा उतरला. चुलीच्या उजेडात मला तो नीट दिसला. राग नव्हता त्यात. आपल्या घरातलं अन्न या बाईला चालत नाही, असं काहीतरी तिला वाटलं. आजी हलक्या आवाजात म्हणाल्या, "घ्या ना बाई. तिचं देणं अडवून धरलंत तुम्ही."

आणि मला भावाचा चेहरा दिसला. माझी चिठ्ठी वाचतानाचा. मी तो कधी पाहिलेला नव्हता, तरी तो हाच होता.

मी भाकरी मोडली. पहिला घास गिळेना, मग गिळला. मिरचीनं डोळ्यांत पाणी आलं आणि थांबेचना. सर गेल्यावर तीन वर्षांत मी रडले नव्हते. त्या चुलीपुढं रडले. ती बाई हसायला लागली, तिला वाटलं मिरची लागली. उठून पाण्याचा लोटा दिला. तोही मी घेतला. सकाळी निघताना बटव्यातली शंभराची नोट काढावी असं एकदा मनात आलं. काढली नाही. फार जड गेलं ते. तिला वाकून नमस्कार केला आणि "नर्मदे हर" म्हटलं.

तुला वाटेल बाईंना काही साक्षात्कार झाला असेल. नाही झाला. मैय्या मुलीच्या रूपात भेटली, वाट दाखवून गेली, असं सांगणारे खूप भेटतात. मी कुणाला खोटं म्हणत नाही. मला एवढंच दिसलं की मी ज्याला स्वाभिमान म्हणत होते ती कडी होती, आतून लावलेली. भाऊ बाहेर उभा होता, सर शेवटी शेवटी मला म्हणायचे की घरी जाऊन झोप, मी बसतो एकटा, तेही बाहेरच होते. मी सगळ्यांना देत होते आणि कुणाचं घेत नव्हते, आणि त्यालाच प्रेम समजत होते.

पुढची वाट भराभर सांगते. विमलेश्वरला भरतीची वाट बघत बसायचं आणि होडीनं खाडी ओलांडून मिठी तलाईला उतरायचं. नदी जिथं समुद्र होते तिथून पलीकडं जायला मुभा आहे. कुपीतलं थोडं जल सागरात सोडून थोडं तिथलं भरून घेतलं. उत्तर काठानं गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीपाशी दोन दिवस राहिले. माणगावचा हा कोकणी माणूस, पत्नी गेल्यावर संन्यास घेतला, भारतभर पायी फिरला आणि १९१४ साली इथं नर्मदाकाठी देह ठेवला. तिथं बसून सरांसाठी पहिल्यांदा शांतपणे जप करता आला. मग महेश्वर, अहिल्याबाईंचे घाट, नेमावर, अमरकंटक आणि पुन्हा दक्षिण काठ. चैत्रात ओंकारेश्वरला परतले, कढाई, म्हणजे शिऱ्याचा प्रसाद, केली, कन्यांना जेवू घातलं आणि तो पूल ओलांडला. जल वाहताना हात थरथरत होते.

तिथून थेट भावाच्या गावी गेले, घरी न जाता. दुपारची वेळ, तो ओसरीवर शेंगा फोडत होता. मला काय बोलावं ते सुचेना. पाच महिने जे म्हणत आले तेच तोंडून गेलं, "नर्मदे हर. एक मूर्ती आहे." तो बघतच राहिला. मग आत बघून वहिनीला म्हणाला, "ताई आलीये, पान वाढ." जेवताना कुणीच काही बोललं नाही. तिसरी पोळी त्यानं न विचारता ताटात टाकली, मी नको म्हटलं नाही. पाकिटाचा विषय आजतागायत निघालेला नाही.

तर तुझं. तू अजून चाळीस वर्षं चालू शकतेस, मैय्या कुठं जात नाही. आधी उत्तरवाहिनी कर. गुजरातेत तिलकवाडा-रामपुराच्या भागात नर्मदा उत्तरेकडं वळते, तिथली छोटी परिक्रमा चैत्र महिन्यात करतात, साधारण वीस-एकवीस किलोमीटर, एका दिवसाची. गर्दी असते, उन्हाच्या आधी पहाटेच निघायचं. जुने, पायात रुळलेले बूट घाल, नवे घेऊ नकोस. आईला सोबत ने, ती चालली नाही तरी काठावर बसू दे. वाटेत गावातले लोक ताक, सरबत पुढं करतील. पैसे किती, असं विचारू नकोस.

आणि त्याच्याही आधी एक काम आहे, ते पुण्यातच होईल. तू लिहिलंस की वडिलांच्या वेळी ऑफिसातली मैत्रीण रोज डबा घेऊन यायची आणि चौथ्या दिवशी तू तिला नको म्हणालीस. तिला फोन कर. कारण सांगू नकोस, माफी मागू नकोस. शनिवारी तुझ्याकडं जेवायला येऊ का, एवढंच विचार.

जमलं तर रविवारी माझ्याकडं ये. मोठ्या परिक्रमेची चौकशी तेव्हा सविस्तर करू, माझी वही आणि कुपी दोन्ही दाखवते. मी मेथीची भाजी आणि बाजरीची भाकरी करणार आहे. येताना काही आणू नकोस.

तुझी,
बाई