इंग्लिशमध्ये प्रश्न विचारताना अडखळताय? आधी एवढंच करा

अहो, घाबरू नका, प्रश्नात शब्दांचा क्रम चुकतो, ही चूक आपल्याकडे जवळजवळ सगळ्यांची होते. मराठीत 'तू येतोस' च्या पुढे 'का' लावलं की झाला प्रश्न, शब्द जागचे हलत नाहीत, आणि तीच सवय इंग्लिशमध्ये येते म्हणून आपण 'व्हेअर यू आर गोइंग' म्हणतो.

सुरुवातीला दोनच गोष्टी पक्क्या करा:

१. वाक्यात इज, आर, कॅन, विल असं काही असेल तर ते उचलून कर्त्याच्या आधी ठेवा. 'व्हेअर आर यू गोइंग?' बास.

२. असं काहीच नसेल तर डू, डज किंवा डिड आणायचं, आणि इथेच खरी गडबड होते, कारण 'डिड यू वेन्ट' असं सहज तोंडातून जातं. भूतकाळ डिडने घेतला ना, मग क्रियापद मूळ रूपात, 'डिड यू गो?' तसंच 'डज ही लाइक टी?', लाइक्स नाही, तो एस डजमध्ये गेला.

'डू यू नो...' वाले लांब प्रश्न आणि क्वेश्चन टॅग (वाक्याच्या शेवटी जोडलेला 'इझन्ट इट?' सारखा छोटा प्रश्न) सध्या बाजूलाच ठेवा, उगाच गोंधळ होईल. रोज पाच साधी वाक्यं घेऊन त्यांचे प्रश्न करा, आणि मोठ्याने बोला हां, नुसतं वहीत लिहून जीभ वळत नाही.